पुसल्या गेलेल्या अक्षरांची नोंद

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या कारभाऱ्यांनी १२ मे १९८९ रोजी आपला विजय जाहीर केला. रंगाने माखलेला शेवटचा डबा त्या दिवशी वाहतुकीतून काढून घेण्यात आला आणि सहा हजारांहून अधिक डब्यांच्या त्या अवाढव्य ताफ्यात आता एकाही डब्यावर कोणाचे नाव उरलेले नाही, असे सांगण्यात आले. जवळजवळ दोन दशके चाललेल्या एका विलक्षण झगड्याचा हा शेवट होता. एका बाजूला महापालिका, रेल्वे, पोलीस, कुत्री, काटेरी तारा आणि रंग उतरवणारी रसायने. दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे पिशवीत घालून रात्री रेल्वेच्या यार्डात शिरणारी कोवळी पोरे. निकाल काय लागणार हे ठरलेलेच होते. परंतु या झगड्यात जे नष्ट झाले त्याचे मोल काय होते, हा प्रश्न विजयाच्या घोषणेने सुटत नाही. तो प्रश्न आज विचारता तरी येतो, याचे श्रेय त्या काळात कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला उभ्या राहिलेल्या मोजक्या माणसांकडे जाते. त्यांत सर्वांत चिकाटीची होती मार्था कूपर.

भिंतीवर काहीतरी लिहिण्याची माणसाची खोड फार जुनी आहे. पाँपेईच्या भिंतींवर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची निवडणुकीची आवाहने, प्रेमाच्या कबुल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची निंदा अजून वाचता येते. ज्वालामुखीच्या राखेने ती झाकून टाकली म्हणूनच ती टिकली. ज्या शहरांवर अशी राख पडत नाही तेथील अक्षरे पावसाने, चुन्याने आणि घरमालकाच्या कुंचल्याने जातात. त्यामुळे या लेखनाचा इतिहास लिहायचा तर साधनेच नसतात. छायाचित्रणाचा शोध लागल्यावरही कित्येक वर्षे कोणाला हे साधन या कामी लावावेसे वाटले नाही. कॅमेरा राजवाड्यांकडे, चर्चकडे आणि प्रतिष्ठितांच्या मुद्रांकडे वळलेला होता.

तो प्रथम गांभीर्याने भिंतीकडे वळवला ब्रासाईने. याचे मूळ नाव ज्युला हालाझ. ट्रान्सिल्व्हेनियातील ब्रासो या गावी १८९९ मध्ये जन्मलेला हा हंगेरियन पॅरिसमध्ये स्थायिक झाला आणि गावाच्याच नावाने प्रसिद्धी पावला. रात्रीच्या पॅरिसची त्याची छायाचित्रे सर्वपरिचित आहेत. पण १९३० नंतरच्या काळात तो दिवसाउजेडी कामगारवस्त्यांतून फिरे तो वेगळ्याच कारणासाठी. पडक्या भिंतींच्या गिलाव्यावर खिळ्याने किंवा चाकूने कोरलेले चेहरे, बाण लागलेली हृदये, कवट्या, प्राणी हे सारे तो टिपत असे. दोन भोके म्हणजे डोळे, एक ओरखडा म्हणजे तोंड, एवढ्यावर माणसाचा मुखवटा उभा राहतो याचे त्याला अप्रूप होते. १९३३ मध्ये ‘मिनोतोर’ या नियतकालिकात त्याने ही छायाचित्रे प्रसिद्ध केली तेव्हा लेखाच्या शीर्षकात गुहेची भिंत आणि कारखान्याची भिंत यांची जोडी लावली होती. आदिमानव आणि पॅरिसचा उनाड पोर यांच्यामध्ये काही धागा आहे, असे त्याला सुचवायचे होते. ही उपपत्ती सर्वांना पटेल असे नाही. पण त्याच्या कामाची रीत मात्र आदर्श म्हणावी अशी होती. कोठल्या रस्त्यावर, कोणत्या भिंतीवर काय आहे याची तो वहीत नोंद ठेवी आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच भिंतीपाशी जाई. कोरलेली रेघ अधिक खोल झालेली असे, कोणीतरी तिच्यात भर घातलेली असे, किंवा भिंतच नाहीशी झालेली असे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. ज्या शहरात पुढे हे प्रकरण हाताबाहेर जाणार होते, त्याच शहरातील रसिकांनी तेव्हा पॅरिसच्या भिंतींचे कौतुक केले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

त्याच न्यूयॉर्कमध्ये हेलन लेविट या तरुणीने असेच काम त्याआधीच सुरू केलेले होते. १९३७ च्या सुमारास ती ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत मुलांना चित्रकला शिकवीत असे. शाळेत जाता-येता तिला फरसबंदीवर आणि जिन्यांच्या पायऱ्यांवर मुलांनी खडूने काढलेली चित्रे दिसू लागली. वर्गात जे मूल कागदापुढे अवघडून बसते तेच रस्त्यावर किती मोकळेपणाने रेघ ओढते, हे शिक्षकाला वेगळे सांगावयास नको. लेविटने ती चित्रे आणि ती काढणारी मुले दोन्ही टिपली. सकाळी दारापुढे काढलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली जाते आणि त्याचे वाईट घरातल्या कोणालाच वाटत नाही; खडूच्या या चित्रांचेही तसेच होते. फरक एवढाच की रांगोळी उद्या पुन्हा तशीच निघते, आणि एका मुलाने एका दुपारी काढलेला घोडेस्वार पुन्हा कधी निघत नाही. लेविटच्या या छायाचित्रांचे पुस्तक निघाले ते १९८७ मध्ये. तोपर्यंत ती मुले साठीकडे झुकली होती.

ब्रासाईच्या भिंतींवर काय आणि लेविटच्या पायऱ्यांवर काय, चित्र होते आणि चित्रकर्ता बहुधा अज्ञात होता. १९७० नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये सारेच उलटे झाले. तेथे नावाखेरीज दुसरे काही नव्हते. कार्यालयांतून पाकिटे पोचवणारा एक ग्रीक वंशाचा पोरगा जाईल तेथे ‘टाकी १८३’ असे लिहीत सुटला. टाकी हे त्याचे लाडके नाव आणि १८३ हा तो राहत होता त्या रस्त्याचा क्रमांक. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर वृत्तान्त छापला आणि शहरातील पोरांना एक गोष्ट उमगली. ज्याला कोणी ओळखत नाही असा मनुष्यही आपले नाव सर्व शहराला वाचावयास लावू शकतो, फक्त ते पुरेशा ठिकाणी लिहिले पाहिजे. पुढच्या दोनतीन वर्षांत हजारो नावे उगवली. भिंत एका जागी उभी असते. रेल्वेचा डबा मात्र ब्राँक्सहून निघून ब्रुकलिनपर्यंत नाव मिरवत नेतो. म्हणून नावांनी भिंती सोडल्या आणि डबे धरले. गर्दीत नाव उठून दिसावे म्हणून अक्षरे मोठी झाली, त्यांना कडा आल्या, छाया आल्या, ढग आणि ज्वाळा आल्या. एकमेकांत इतकी गुंतली की बाहेरच्याला ती वाचताच येईनात. शेवटी खिडक्यांसकट सबंध डबा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच नावाने व्यापला जाऊ लागला.

ही पोरे स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, लेखक म्हणवत. ही गोष्ट बहुतेक टीकाकारांच्या नजरेतून निसटली. त्यांना चित्र काढावयाचे नव्हते, अक्षराला आकार द्यावयाचा होता. ज्याचा क्षर होत नाही ते अक्षर, अशी आपल्याकडे व्युत्पत्ती सांगतात. न्यूयॉर्कच्या या लेखकांचे अक्षर तर आठवडाभरही टिकण्याची शाश्वती नसे. १९७७ पासून रेल्वेने डबे तीव्र रसायनांनी धुण्यास आरंभ केला होता. त्या धुलाईतून निघालेला डबा स्वच्छ होण्याऐवजी मळकट, करडा आणि पुसट ओरखड्यांचा होऊन बाहेर येई. धुलाईतून वाचलेल्या चित्रावर दुसरा लेखक आपले नाव चढवी. हे ठाऊक असूनही ती पोरे रात्री जागत, विजेच्या तिसऱ्या रुळाशी खेळत आणि सकाळी फलाटावर येऊन आपला डबा येतो का याची वाट पाहत उभी राहत.

याच फलाटांवर आणि रुळांच्या कडेला मार्था कूपर येऊन पोचली ती वर्तमानपत्राच्या वाटेने. बाल्टिमोरमध्ये १९४३ साली जन्मलेल्या या बाईच्या वडिलांचे कॅमेऱ्यांचे दुकान होते, त्यामुळे कॅमेरा तिच्या हाती बालपणीच आला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन ती थायलंडमध्ये इंग्रजी शिकवावयास गेली, तेथून मोटरसायकलने बँकॉक ते लंडन असा प्रवास करून ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र शिकली. १९७० मध्ये जपानमध्ये असताना तिने टोकियोतील पारंपरिक गोंदणकामाची छायाचित्रे घेतली. हा तपशील महत्त्वाचा आहे. समाज ज्याकडे नाक मुरडतो त्या गोष्टीतही कसब असते, परंपरा असते, गुरुशिष्य असतात, आणि ती पाहावयाची तर करणाऱ्याच्या शेजारी बसावे लागते, हे शिक्षण ती न्यूयॉर्कला येण्यापूर्वीच घेऊन आली होती.

१९७७ मध्ये तिला ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकात नोकरी मिळाली. अपघात, आगी, पुढारी, नट असे दिवसभर टिपून झाले की उरलेली फिल्म संपवण्यासाठी ती मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातून जाई. शहराची तिजोरी १९७५ मध्येच रिकामी झाली होती. या वस्तीतील घरे ओस पडत होती, जळत होती. त्या मोडक्या जागांत मुले फेकून दिलेल्या वस्तूंची खेळणी बनवून खेळत. कूपर ती टिपत असता एका मुलाने आपली वही तिच्यापुढे धरली. वहीत काही गुंतागुंतीची आकृती होती. हे माझे नाव आहे आणि ते भिंतीवर कसे यावयाचे त्याचा हा आराखडा आहे, असे त्याने तिला समजावले. भिंतींवरचा गिचमिडकाला म्हणून जे सारे शहर पाहत होते त्यामागे वही आहे, आराखडा आहे आणि सराव आहे हे तिला त्या क्षणी कळले. त्याच मुलाने तिला एका ‘राजा’कडे नेण्याची तयारी दाखवली.

हा राजा म्हणजे ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागातील डोनाल्ड व्हाइट, लेखक म्हणून त्याचे नाव डॉन्डी. तेव्हा तो विशीच्याही आत होता. गंमत अशी की कूपरचे नाव त्याला आधीच माहीत होते. तिने वर्तमानपत्रासाठी घेतलेल्या एका छायाचित्राच्या पार्श्वभूमीला त्याचे अक्षर आले होते, आणि ते कात्रण त्याने आपल्या वहीत चिकटवून ठेवले होते. छायाचित्र हा या धंद्यात किती मोलाचा ऐवज आहे, हे कोणत्याही कलासमीक्षकाच्या आधी त्या पोराला समजले होते.

१९८० मध्ये डॉन्डीने तिला रात्री यार्डात सोबत नेले. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ या शब्दांनी त्याने सबंध डबे रंगवले, त्यांपैकी एकाच्या जन्माची साक्षीदार म्हणून ती हजर होती. त्या रात्रीचे एक छायाचित्र सर्वत्र पोचले आहे. शेजारशेजारच्या रुळांवर उभ्या दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत डॉन्डी एक पाय या डब्यावर आणि दुसरा त्या डब्यावर रोवून अधांतरी उभा आहे आणि त्याचा हात वरच्या बाजूच्या रंगात गुंतला आहे. पहिल्यांदा पाहताना नजर त्या धाडसावर खिळते. पुन्हा पाहिले तर दिसते ती त्याची एकाग्रता. पकडले जाण्याची भीती, अंधार, अरुंद जागा यांपैकी कशाचाच मागमूस त्या देहाच्या ठेवणीत नाही. सुतार रंधा मारताना जसा असतो तसा तो आहे. पूर्ण झालेल्या डब्याची शंभर छायाचित्रे घेतली असती तरी ही गोष्ट कळली नसती.

त्याच वर्षी कूपरने नोकरी सोडली आणि सर्व वेळ रेल्वेगाड्यांना दिला. गाडी धुतली जाण्यापूर्वी ती उन्हात, मोकळ्या जागी, योग्य बाजूने सापडावी लागे. त्यासाठी ती साउथ ब्राँक्समधील ओसाड भूखंडांवर, रेल्वेचा उन्नत मार्ग जेथून दिसतो अशा जागी, तासन् तास उभी राही. पाच तासांत एकही रंगवलेली गाडी येऊ नये आणि आलीच तर तिची रंगवलेली बाजू पलीकडे असावी, हा अनुभव तिला नित्याचा होता. रात्री काम उरकलेली पोरे सकाळी फोन करून सांगत की अमुक मार्गावर आमचा डबा सुटला आहे. मग सुरू होई शोध. तिच्या छायाचित्रांत डबा एकटा नसतो. वर आकाश, खाली जळक्या इमारतींच्या रिकाम्या खिडक्या, आणि मधून एक झळाळते नाव धावत चाललेले. त्या करड्या वस्तीत तो रंग कोठून आणि का आला, हे चित्रच सांगते.

हेन्री चॅल्फंटची रीत नेमकी उलटी. हा पेशाने शिल्पकार. विद्यापीठात त्याने अभिजात ग्रीक वाङ्मयाचा अभ्यास केला होता. त्याला परिसर नको होता, त्याला चित्र हवे होते. समोरच्या फलाटावर उभे राहून, गाडी थांबताच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत तो भराभर चित्रे घेई आणि नंतर ती शेजारीशेजारी चिकटवून पंधरा मीटरचा डबा कागदावर सलग उभा करी. हस्तलिखिताचा अभ्यासक पोथीचे पान जसे नकलून घेतो तशी ही नक्कल होती. प्रारंभी हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. पुढे दोघांना उमगले की एकाजवळ जे नाही ते दुसऱ्याजवळ आहे. दोघांनी मिळून पुस्तकाची कच्ची प्रत तयार केली. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी ती नाकारली. जे शहर ही चित्रे पुसण्यासाठी पैसा ओतत होते तेथे ती छापून गुन्ह्याला प्रतिष्ठा देण्याचे धाडस कोण करणार? शेवटी फ्रँकफर्टच्या पुस्तकजत्रेत कच्ची प्रत काखोटीला मारून हिंडल्यावर लंडनच्या थेम्स अँड हडसन या संस्थेने ती स्वीकारली आणि १९८४ मध्ये ‘सबवे आर्ट’ प्रसिद्ध झाले.

प्रवाशांची बाजू

या ठिकाणी थोडे थांबून दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण या विषयावरील गुणगानात तिला बहुधा जागा मिळत नाही. न्यूयॉर्कच्या त्या गाड्यांतून रोज लाखो माणसे कामाला जात होती. त्यांत कारकून होते, शिक्षक होते, परिचारिका होत्या. त्यांच्या वाट्याला आला तो बाहेरचा झळाळता डबा नव्हे. तो क्षणभर फलाटावर दिसे. त्यांना अर्धा तास बसावे लागे ते डब्याच्या आत, आणि आत भिंती, दारे, छत, खिडक्यांच्या काचा, मार्गाचा नकाशा हे सारे जाड काळ्या पेनांनी केलेल्या सह्यांनी बरबटलेले असे. बाहेर पाहून कोणते स्थानक आले ते कळत नसे. गुन्हेगारी वाढलेल्या त्या वर्षांत या सह्या त्यांना एकच निरोप देत: येथे कोणाचेही राज्य नाही. महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत १९७२ मध्ये याविरुद्ध कायदा झाला आणि महापौर एड कॉच यांनी यार्डांभोवती दुहेरी कुंपण घालून मध्ये कुत्री सोडली, तेव्हा त्यांना मते देणारे नागरिक अरसिक होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःचा डबा स्वच्छ असावा ही मागणी क्षुद्र नाही.

‘सबवे आर्ट’मध्ये हा आतला डबा फारसा नाही. पुस्तकाचा सारा भर बाहेरच्या, उत्तम साधलेल्या चित्रांवर आहे. हजारो ओबडधोबड नावांतून दोघांनी शेकड्याने निवडली आणि त्यांतून छापली ती आणखी थोडी. ही निवड रसिकाची आहे, जनगणना करणाऱ्याची नव्हे. पण वीस-पंचवीस वर्षांनी ज्याने ते न्यूयॉर्क पाहिलेच नाही त्याला हेच न्यूयॉर्क वाटू लागते. नोंद करणाऱ्याने काय वगळले याची नोंद कोणीच ठेवत नाही, आणि मग जे वगळले ते घडलेच नाही असा समज होतो. कूपरच्या कामाचे मोल करताना हा दोष झाकण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोंद करणारा साक्षीदार असतो की साथीदार? कुंपण ओलांडून यार्डात जाणाऱ्या छायाचित्रकाराने कायदा मोडला हे उघड आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छायाचित्रांनी हे लेखन पसरवले. चॅल्फंटने टोनी सिल्व्हर या दिग्दर्शकाबरोबर केलेला ‘स्टाइल वॉर्स’ हा माहितीपट १९८३ चा, पुस्तक १९८४ चे. पुढच्या थोड्याच वर्षांत लंडन, पॅरिस, बर्लिन, अॅमस्टरडॅम येथील मुले न्यूयॉर्कच्या अक्षरांची पाने गिरवू लागली. हे पुस्तक विकत घेतले जाण्यापेक्षा दुकानांतून चोरले फार जाते अशी त्याची ख्याती झाली, आणि त्याला या मंडळींचे बायबल म्हटले जाऊ लागले. युरोपातील रेल्वेखात्यांनी नंतर धुलाईवर जो खर्च केला त्यातील काही हिस्सा या दोघांच्या नावे मांडावा, असे एखादा हिशेबनीस म्हणाला तर त्याला सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये जी गोष्ट मरू घातली होती तिला या पुस्तकाने दुसरीकडे जन्म दिला.

तरीही या आक्षेपाने काम रद्द ठरत नाही. बातमीदाराने दंगलीचे वर्णन केले म्हणून तो दंगलखोर होत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. अडचण येते ती वर्णनाबरोबर आवड मिसळली म्हणजे. कूपरची आवड लपलेली नाही. पण त्या काळी शहरातील बाकीची साधने कोणती होती ते पाहिले म्हणजे तिचे वजन कळते. पोलिसांजवळ अटकेचे कागद होते, रेल्वेजवळ धुलाईचे हिशेब होते, वर्तमानपत्रांजवळ अग्रलेख होते. या साऱ्यांत ती पोरे उपद्रव म्हणून येतात. एवढ्या लहान वयात, कोणतेही शिक्षण नसताना, दुकानात मिळणाऱ्या रंगाच्या डब्यातून इतकी रेखीव रेघ कशी निघते, एक जण दुसऱ्याला काय शिकवतो, ‘राजा’ ही पदवी कोण कोणाला देतो, हे फक्त या छायाचित्रांत आणि त्यांसोबतच्या टिपणांत सापडते.

नोंद कोणाच्या कामी येते

रेल्वेने अखेर जे उत्तर शोधले ते कुत्र्यांपेक्षा आणि तारांपेक्षा साधे होते. १९८४ मध्ये रेल्वेची सूत्रे हाती घेतलेल्या डेव्हिड गन यांनी असा नियम केला की एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला तर तो धुऊन होईपर्यंत धावणारच नाही. लेखकाला हवे असते ते आपले नाव धावताना पाहणे. तेच नाहीसे झाले आणि पाच वर्षांत डबे ओस पडले. रंगाऱ्याचे मन या माणसाला कित्येक कलासमीक्षकांपेक्षा अधिक कळले होते असे म्हणावे लागते.

गाड्या सुटल्यावर लेखक पुन्हा भिंतींकडे वळले. क्वीन्स भागातील एका जुन्या कारखान्याच्या भिंती मालकाच्या संमतीने अनेक वर्षे रंगवल्या जात होत्या. ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या नावाने ती जागा प्रसिद्ध होती आणि ती पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येत. तेथे घरे बांधावयाचे ठरल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सर्व भिंतींवर पांढरा रंग फिरवला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. एकवीस कलाकार न्यायालयात गेले. दृश्यकलावंतांच्या हक्कांसंबंधीचा १९९० चा अमेरिकन कायदा मान्यताप्राप्त दर्जाच्या कलाकृतीचा नाश करण्यास मनाई करतो; पण जी कलाकृती उरलेलीच नाही तिचा दर्जा न्यायाधीशाने ठरवावयाचा कसा? भिंती नव्हत्या. उरली होती ती छायाचित्रे. २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी पंचेचाळीस कलाकृतींबद्दल सुमारे सदुसष्ट लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय कायम केला. डब्यांवर लिहिणाऱ्या पोरांना असा कायदा कधीच लागू पडला नसता, कारण त्यांना कोणाची संमती नव्हती. परंतु भिंतीवरच्या रंगाचे छायाचित्र हे कायद्याच्या दरबारात पुरावा म्हणून उभे राहू शकते, एवढे या खटल्याने दाखवून दिले.

येथे एक गोष्ट मनाला टोचते. छायाचित्राचा कायदेशीर मालक छायाचित्रकार असतो. डब्यावर ज्याने जीव धोक्यात घालून अक्षर काढले त्याच्याजवळ ते धुतले गेल्यावर काहीच उरत नाही. फार तर स्वस्त कॅमेऱ्याने काढलेला एखादा अंधुक फोटो. डॉन्डीची चित्रे कॅनव्हासवर उतरून काही काळ चित्रदालनांत विकली गेली, पुढे ती लाट ओसरली, आणि १९९८ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. ‘सबवे आर्ट’ची मोठ्या आकाराची नवी आवृत्ती २००९ मध्ये निघाली तेव्हा ती पाहावयास तो नव्हता. कूपरने या विषमतेला एक प्रकारे उत्तर दिले आहे असे वाटते. तिच्या छायाचित्रांखाली लेखकाचे नाव असते. डबा कोणी रंगवला, कोणत्या साली रंगवला याची नोंद तिने चित्राइतक्याच काळजीने ठेवली. ज्यांची सारी धडपड नावासाठी होती त्यांचे नाव तरी तिने गाळले नाही.

ती पुढेही थांबली नाही. न्यूयॉर्कमधील लोकसंस्कृतीची नोंद करणाऱ्या ‘सिटी लोअर’ या संस्थेचे छायाचित्रणाचे काम तिने अनेक वर्षे पाहिले. वस्त्यांतील स्मृतिचित्रे, मुलांचे खेळ, मिरवणुका असे तिचे विषय राहिले. २०१८ मध्ये, पंचाहत्तरीत, बर्लिनच्या एका रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर आठवडाभर धावत घेतलेल्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि २०१९ मध्ये तिच्यावरच माहितीपट झाला. त्याच बर्लिनमध्ये २०२० साली रस्त्यावरील कलेच्या एका संग्रहालयाने तिच्या सर्व कामाचे प्रदर्शन मांडले.

आणि ते डबे? कूपर आणि चॅल्फंट ज्या मार्गांवर वाट पाहत उभे राहत त्यांवरचे बरेचसे डबे १९६० च्या आसपास बांधलेले होते. नावे पुसण्याच्या मोहिमेत ते गडद तांबड्या रंगाने रंगवण्यात आले, म्हणून लोक त्यांना ‘रेडबर्ड’ म्हणू लागले. २००१ पासून ते निवृत्त होऊ लागले तेव्हा त्यांची चाके आणि खिडक्या काढून त्यांना तराफ्यांवर चढवण्यात आले आणि डेलावेअरच्या किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात ढकलून देण्यात आले. मासळीला आसरा मिळावा म्हणून तेथे कृत्रिम खडक उभारण्याची योजना होती. असे शेकडो डबे आज तळाशी पडून आहेत आणि त्यांच्या तांबड्या पत्र्यांवर शिंपले चढले आहेत.